झाइलरगासे, नंबर नऊ

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा दुसरा हिवाळा चालू होता, तेव्हाची ही गोष्ट. जर्मनीतल्या लाइपझिगमधली छापखान्यांची अख्खी पेठ तीन वर्षांपूर्वी एका पहाटे बॉम्बच्या आगीत जळून गेली होती. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे वितळून गटारांतून वाहिले, असं लोक सांगत. उरलेल्या एका छापखान्यात ओटिली क्रान्झ मुद्रितं तपासायची. त्या दिवशी तिच्यापुढे शहराची नवी पत्तेवही होती. रस्ता, घराचा नंबर, राहणाऱ्यांची नावं. अशी चारशे पानं.

खरं तर हे काम दोघांचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील पानावर नजर फिरवायची. एकोणीस वर्षं गोटहोल्ड रीमर वाचत आले आणि ओटिली तपासत आली. त्या आगीनंतर रीमर कुणाला दिसले नव्हते. खेड्यात बहिणीकडे गेले असतील, असं ती म्हणायची. आता दोन्ही कामं तिच्या एकटीच्या गळ्यात. डोळे कागदावरून पानावर, पानावरून कागदावर... मान आखडून जायची. पोटात सकाळचं सलगमाचं पाणचट सूप, आणि थंडी अशी की अंगातला कोट काढवत नव्हता.

दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. करड्या उजेडात शाईचा आणि ओल्या राखेचा वास. तिनं क्षणभर डोळे मिटले.

फळीच्या आडोशापलीकडून आवाज आला. संथ, किंचित घोगरा, एकोणीस वर्षं ऐकलेला.

"झाइलरगासे. स्वल्पविराम. नंबर सात..."

ओटिली घाबरली नाही. घाबरायलाही अंगात त्राण लागतं. तिनं पेन्सिल उचलली. आवाज वाचत गेला, ती तपासत गेली. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं, तसं तिला वाटलं.

"नंबर नऊ. तळघर. लेनर्ट, एर्ना. लेनर्ट, कुर्ट..."

पेन्सिल थांबली. तिच्या पानात त्या गल्लीच्या नंबर नऊपुढे दोनच शब्द होते: पडलेलं घर.

"रीमरसाहेब," ती पुटपुटली, "हे माझ्या पानात नाही..."

"मूळ कागदात आहे. घाला."

दहा नावं. तिनं समासात घातली. मग आवाज थांबला. आडोशापलीकडे मात्र ती डोकावली नाही.

संध्याकाळी फोरमन व्होल्मार पानं न्यायला आला आणि हसला. "काय हो बाई, ढिगाऱ्यात भाडेकरू ठेवलेत का?" मग त्यानं नावं वाचली. हसू विरलं. "एर्ना... माझ्या बायकोची मावसबहीण. आगीतून निसटून पश्चिमेकडे गेली म्हणून आम्ही तीन वर्षं पत्राची वाट बघतोय. ही नावं दिली कुणी?"

"रीमरांनी."

त्यानं तिची पेन्सिल बाजूला ठेवली. "घरी जा, बाई. झोपा जरा."

पण सकाळी नंबर नऊचा ढिगारा उपसणाऱ्या बायकांबरोबर तोच फावडं घेऊन उभा होता. ओटिलीही गेली. तिसऱ्या दिवशी तळघराचं दार हाती लागलं. माणसं भिंतीला टेकून बसलेली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. दहा जण. आणि दाराजवळ अकरावा, एकटाच. पळता पळता आसऱ्याला शिरला असावा. त्याच्या खिशात मुद्रितशोधकाची निळी पेन्सिल होती.

"स्वतःचं नाव तेवढं वाचायचं राहिलं त्यांचं," ओटिली म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडली.

रीमरांना रीतसर माती दिली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा अंग दुखत होतं, पण मन हलकं होतं. तिनं झाइलरगासेचं अर्धवट राहिलेलं पान पुढे ओढलं.

"नंबर अकरा," आडोशापलीकडून आवाज आला. "तळघर..."

तिनं पान दूर सारलं.

"नाही... नाही, रीमरसाहेब. अकरा नंबर उभा आहे. तिथे माणसं राहतात. आत्ता येताना बघितलं मी... खिडकीत मुलांचे मोजे वाळत होते..."

"मूळ कागदात आहे," आवाज म्हणाला. तोही फार थकलेला वाटला. "घाला."

त्या घरातल्यांना बाहेर काढायला ओटिली पेन्सिल टाकून जिन्याकडे धावली. मागे तो एकेक नाव वाचतच होता, लहानांची आधी.