गादीवरून उतरल्यावर

घाईघाईत ढकललेलं ते दार स्वच्छतागृहाचं नव्हतंच!

बाहेर आयर्लंडचा आडवा, हट्टी पाऊस. मैदानावरची चेंजिंग रूम पुरुषांच्या संघासाठी राखून कुलूपबंद. म्हणून महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची राखीव लेफ्ट बॅक निशिगंधा, गुडघाभर चिखलात माखलेली, कपडे बदलायला टॅला या उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये शिरली... आणि उगवली ती थेट एका कीर्तनकाराच्या पाठीशी. समोर सतरंजीवर पन्नासेक मराठी माणसं बसलेली.

धोतर, अंगरखा, हातात झांजा. वय जेमतेम अठ्ठावीस. त्याने वळून पाहिलं आणि झांजेचा एक ठोका चुकला. पण पठ्ठ्याने तेही सुरात घेतलं, "या माउली, बसा... देवाच्या दारी चिखलाला बंदी नाही!"

सभा हसली. निशिगंधा बूट मांडीवर घेऊन कोपऱ्यात टेकली. दोन मिनिटांत उठायचं होतं, तासभर बसली. त्या आवाजात काहीतरी होतं, थंडीतून आल्यावर हाताला गरम पेला लागावा तसं.

पूर्वरंग संपला. नामाचा गजर उसळला. सत्तरीच्या एका गृहस्थांनी त्याला बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि चक्क वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो मात्र ताठ उभा!

प्रसादाचा शिरा घेताना तिने त्याला गाठलंच.

"तुमचा हाफटाइम झकास होता. पण एवढ्या वडीलधाऱ्या माणसाने पाया पडायचं आणि तुम्ही मानही लववायची नाही? भारीच तोरा!"

"ते माझे बाबा. नागपूरहून आलेत," तो हसला. "नारदाच्या गादीवर उभा असलेला माणूस कुणापुढे वाकत नाही. आईबापांपुढेही नाही. मान गादीचा असतो हो, माझा नाही. खाली उतरलो की मीच सगळ्यांच्या पाया पडतो."

"माझ्याही?"

"बूट धुऊन आलात तर... विचार करू."

ही २०१६च्या ऑक्टोबरातली गोष्ट. तो संकेत, लिक्सलिपच्या संगणक-चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. ती सातव्या वर्षी नर्स आईबरोबर टॅलात आलेली. आता शाळेत खेळ शिकवायची, आणि संघाच्या शिबिरासाठी दर वेळी रजेची याचना करायची. 'अहो-जाहो' दिवाळीपर्यंत टिकलं. मग रविवारी डार्ट लोकल पकडून समुद्रकाठच्या डून लेरीला जायचं, लांबलचक धक्क्यावर वाऱ्याशी भांडत चालायचं, एका पुड्यातले चिप्स दोघांत खायचे... आणि काहीतरी बोलता बोलता त्याने गप्प व्हायचं.

तिच्या सामन्यांना तो झांजा घेऊन यायचा. "झांजवाला युअर मॅन आला का गं?" मैत्रिणी विचारायच्या. इथे त्याचा अर्थ नुसता 'तो अमका' एवढाच, पण निशिगंधाचे कान तांबडे व्हायचे ते व्हायचेच.

एप्रिल उजाडला आणि ठिणगी पडली.

देशाकडून खेळणाऱ्या या मुलींनी ट्रॅकसूट विमानतळाच्या संडासात चढवायचे, परतल्यावर तिथेच उतरवून द्यायचे. पुढे ते दुसऱ्या संघाच्या अंगावर जायचे. मुली एकमुखाने म्हणाल्या, बस्स! माणसासारखं वागवा, तोवर सराव बंद.

त्याच दुपारी फुटबॉल असोसिएशनच्या एका साहेबांचा निशिगंधाला फोन आला. तू एकटी सरावाला ये, सोमवारच्या सामन्यात पहिल्या अकरांत तुझं नाव. संध्याकाळपर्यंत कळव.

पाच वर्षं! पाच वर्षं ती बाकावर बसून या एका सामन्याची वाट पाहत होती.

"जा बाई," आई म्हणाली. "संधी काय रोज येते?"

धक्क्यावर तिने संकेतला सांगितलं.

"एकदाच मान खाली घाल, निशी. एकदा खेळून घे... मग भांड हवं तेवढं."

ती जागच्या जागी थांबली.

"हे तू सांगतोयस? देशाचा शर्ट अंगात असतो ना, तेव्हा मी गादीवर असते, संकेत. तिथून वाकायचं नसतं. नियम तुझा आहे."

"अगं, तुझं स्वप्न मोडेल म्हणून..."

"मोडू दे!"

त्याच्यासमोरच तिने साहेबांना फोन लावला. "नाही. आले तर सगळ्यांबरोबर येईन, एकटी नाही." मग जॅकेटची झिप हनुवटीपर्यंत ओढली. "आणि तू मागून येऊ नकोस." डार्टच्या खिडकीत ती एकटीच बसली. डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

दोन दिवसांत असोसिएशन नमली. प्रत्येकीला स्वतःचा ट्रॅकसूट, स्वतःची चेंजिंग रूम. पहिल्या अकरांत निशिगंधाचं नाव मात्र नव्हतं. ते ती जाणूनच होती. सोमवारी ती पुन्हा बाकावर बसली, फरक इतकाच की अंगातले कपडे आता तिचे होते.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला लेफ्ट बॅकचा घोटा मुरगळला. प्रशिक्षकांनी बोट दाखवलं... तिच्याकडे!

तिने रेषा ओलांडली, तोच स्टँडमधून आवाज आला. छन्न्... छन्न्... तिने वर पाहिलं नाही. शेवटच्या मिनिटाला आपल्या गोलात शिरणारा चेंडू मात्र तिने रेषेवरूनच लाथेने असा भिरकावला की झांजाही क्षणभर वाजायच्या विसरल्या. एक-शून्यची आघाडी टिकली. जिंकलो!

मुली मैदानाला फेरी मारत होत्या. रिमझिमीत संकेत कठडा ओलांडून आला, हातात शेवंतीचा भिजका हार. मैदानाचा रखवालदार, स्टुअर्ड, ओरडत मागे धावला. संकेतने हार तिच्या गळ्यात घातला आणि तो सगळ्या स्टेडियमसमोर वाकला... थेट तिच्या चिखलाच्या बुटांपर्यंत.

"अरे ऊठ! वेडा आहेस का?"

"चुकलो होतो. तू रेषेच्या आत आहेस, गादीवर. तुला वाकता येत नाही. मला येतं."

"बूट धुतलेले नाहीत."

"दिसतंय."

निशिगंधाने एक पाऊल टाकलं. पांढऱ्या रेषेच्या बाहेर. त्याच्या अगदी जवळ.

"ही उतरले खाली. आता बोल. डून लेरीला दर रविवारी जे गिळत होतास ते."

"ते... म्हणजे... बाबांना सांगितलंय मी."

"बाबांना? आणि मला कोण सांगणार, हा स्टुअर्ड?"

संकेतने डोळे मिटले. "प्रेम आहे गं तुझ्यावर. चुकलेल्या त्या ठोक्यापासून."

तिच्या पापणीवरून एक थेंब ओघळला. पावसाचा असेल, नसेल.

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'बरं, चालेल'. गळ्यातल्या हाराकडे तिने एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग एकच हार का आणलास रे, शहाण्या?"