टिटवीला शरणागती कळेना

“आता टिटवी ठरवणार, आपण नुसतं बघायचं!” प्रशिक्षणार्थी तन्वीर आनंदानं म्हणाला.

सैनिकी प्रशिक्षण केंद्राच्या पडद्यासमोर प्रशिक्षणार्थींची दाटी झाली होती. त्यांना यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या मेजर सुमेधांनी आज आपल्या अकरा वर्षांच्या भाचीला, इरावतीला, सराव बघायला आणलं होतं. टिटवी म्हणजे सहा चाकांचं स्वायत्त (माणसाला न विचारता निर्णय घेणारं) शस्त्र. सरावासाठी तिच्यात गोळ्यांऐवजी रंग भरला होता.

“लढणारा कोण आणि शरण आलेला कोण, हे तिला कळेल?” मेजरनी विचारलं.

“कळणारच, मॅडम!” तन्वीर म्हणाला.

प्रशिक्षणार्थी क्षिप्रा गावित पडद्याशेजारी बसली होती. टिटवीला थांबवायचं बटण तिच्या हाताखाली होतं.

टिटवी झुडपांतून सुसाट निघाली. ‘शत्रू’ बनून लपलेले प्रशिक्षणार्थी भराभर रंगले. टाळ्या, शिट्ट्या! इरावती तर उड्याच मारू लागली. इतक्यात खडकामागून एक जण लंगडत बाहेर आला. पडल्यामुळे दुखावलेला डावा हात त्यानं छातीशी धरला होता, उजवा वर केला होता. बंदूक केव्हाच टाकलेली. तरी टिटवीची नळी त्याच्याकडे वळली.

“अगं, तो शरण आलाय!” इरावती किंचाळली.

क्षिप्रानं बटण दाबलं. टिटवी थबकली. दोघं जण जखमी मुलाला आणायला धावले.

“आत्या, तिला कसं नाही कळलं?”

“आम्ही तिला हजारो चित्रं दाखवून शिकवलं. शरण येणाऱ्यांचे त्यांत दोन्ही हात वर होते. ती फक्त साम्य (सारखेपणा) मोजते. माणसाच्या मनात काय आहे, ते तिला समजत नाही.”

“आणखी चित्रं दाखवू,” तन्वीर म्हणाला. “सुरुंग पेरलेल्या रानात मित्राला पाठवण्यापेक्षा टिटवी बरी.”

“तिथे पाठव की! पण तिच्या हातून माणूस मेला, तर जाब कोणाला विचारशील? चाकांना?” क्षिप्रानं विचारलं.

तन्वीरनं पडद्यावरच्या थबकलेल्या टिटवीकडे पाहिलं.

“खात्री नसेल तेव्हा तिनं विचारावं ना!” इरावती म्हणाली.

“चुकतानाही तिला कधीकधी पक्की खात्री वाटते,” आत्या हसली. “म्हणून समोर माणूस असला, की दर वेळी विचारायचं.”

तन्वीरनं झपाट्यानं सूचना बदलल्या. दुसऱ्या फेरीत टिटवी झुडपापाशी थांबली. “समोर माणूस आहे. काय करू?”

रंग उडवायची परवानगी देणाऱ्या बटणाकडे गेलेलं बोट तन्वीरनं मागे घेतलं आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

“थांब, टिटवे. मला नीट बघू दे.”