अण्णांचं पान

अंबादास पहिल्यांदा दारात आला तेव्हा माझ्या हातात खराटा होता. शेजारची शेळी आमची तुळस खात होती. मी धावले, शेळी सटकली... आणि उगारलेल्या खराट्यासमोर हा उभा! काखेत जुनाट रजिस्टर.

"मी शाळेतला नवा मास्तर आहे हो," तो घाईनं म्हणाला, "तुळस खात नाही."

हसू आलं, पण दाखवलं नाही. तो बार्शीहून नुकताच नळदुर्गात आलेला. शाळेचं जुनं रजिस्टर सगळं उर्दूत, नि त्याला त्यातलं अक्षर लागेना. आमचे अण्णा निजामाच्या तहसिलीत पेशकार, म्हणजे उर्दू दप्तर सांभाळणारे कारकून होते, म्हणून त्यांच्याकडून वाचून घ्यायला आला होता. निजाम जाऊन दहा वर्षं झाली, पण आमच्या ओसरीवरून काही तो हलला नव्हता. अण्णा अजून सालं निजामाच्या फसली सनातच मोजायचे.

"ही नोंद तेराशे सत्तेचाळीसची," अण्णा वाचता वाचता म्हणाले. "आमच्या या चारूच्या जन्माचं साल."

अंबादासनं बोटांवर हिशेब केला. अण्णा चष्मा पुसायला आत गेले, तसा हळूच म्हणाला, "सहाशे अकरा वर्षं... तुमच्याकडं बघून वाटत नाही हो."

"फसली सन आहे तो! वीस वर्षांची आहे मी."

"हां... मग जमतंय. मी चोवीसचा."

काय जमतंय, ते मी विचारलं नाही. कान मात्र तापले.

एवढ्याशा रजिस्टराला चार महिने लागत नसतात, हे अण्णांनाही कळत होतं. त्याला हाकलायची त्यांची रीत जुनी. पाहुण्याला अत्तर लावलं, पान दिलं की बैठक संपली. 'निघा आता' असं तोंडानं म्हणणं म्हणजे बेअदबी! त्यांच्या वेळची माणसं पान हातात पडताच उठायची. आणि हा बार्शीकर? पान मिळालं की ऐसपैस मांडी घालायचा. वर म्हणायचा, "वा अण्णा, काय पान आहे!" एकदा तर चार खाल्ली. मी दाराआड कपाळावर हात मारून घेतला.

"पोराला तमीज म्हणून नाही," अण्णा भडकले. "त्याच्या घरात मुलगी द्यायची? लातूरच्या वकिलांचं स्थळ आलंय, त्यांना परवा होकार कळवून टाकतो."

मी ताटावरून उठले ती जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी आडावर त्याला गाठलं.

"अहो, अण्णांनी पान दिलं म्हणजे निघायचं असतं! ब्र न काढता उठायचं, आदाब करायचा, चालू लागायचं!"

"हे आधी सांगायचं नाही का? आमच्याकडं पान म्हणजे बसा, गप्पा मारा."

"मला वाटलं, कळेल!"

"कसं कळणार?" तो हसता हसता थांबला. "चारू... उद्या विचारतोच अण्णांना."

उद्या उजाडला. अंबादास धुतलेला सदरा घालून आला, बसला, घसा खाकरला... तोच अण्णांनी पान पुढं केलं. जास्तीचा गुलकंद घालून! अंबादासचा चेहरा उतरला. त्यानं पान तोंडात घातलं, आदाब केला आणि चक्क निघून गेला.

अण्णा बघतच राहिले. "तू परवापासून जेवली नाहीस, म्हणून म्हटलं याचं ऐकून तरी घेऊ. आजकालची पोरं पान दिलं की बसतात, म्हणून आधीच दिलं. तर हा उठला! त्याला लग्नच करायचं नाही, चारू. लातूरला पत्र टाकतो."

आई तुळजाभवानी! दोघांनीही एकाच दिवशी शहाणं व्हायचं ठरवलं होतं.

मी अनवाणी पळाले. वेशीपाशी गाठला. "थांबा! अण्णांनी बसायला पान दिलं होतं!"

तो वळला. गाल फुगलेले. "मम्...?"

"पान गेलं चुलीत! मला लातूरला नाही जायचं. मला तुमच्याशी लग्न करायचंय. भर रस्त्यात सांगतेय, ती समोरची कोंडाबाई भाजी निवडायची थांबलीय... कळतंय का काही?"

त्यानं सुपारीसकट सगळं पान गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. "कळलं," तो खोकत म्हणाला. "मलाही तेच... पहिल्या दिवसापासून."

परत आलो तर अण्णा दारात, हातात पानदान. "चारू, आता यांना पान द्यावं की नाही?"

"कुणी कुणाला काही देऊ नका! तोंडानं बोला."

अंबादासनं हात जोडले. "अण्णा, माझ्या हिशेबानं तुमची मुलगी सहाशे अकरा वर्षांची झालीय. आता आणखी उशीर नको. मला द्या."

अण्णांनी बोटांवर मोजलं... नि पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले. पानदानाचं झाकण लावून म्हणाले, "दिली. बसा."

अंबादास उभाच. माझ्याकडं वाकून हळूच विचारतो कसा, "म्हणजे... बसायचंच ना?"