चारठाण्यात काय काय बघावं

सासू गोड बोलली तिथंच शिवम्मानं खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण माणूस चार चांगल्या शब्दांना भुकेलं असलं की असल्या गोष्टी ध्यानात कुठं येतात. सेलूच्या मोंढ्यापाशी, धान्याच्या बाजाराला लागून, तिच्या नवऱ्याचं, लिंगराजचं, किराण्याचं दुकान होतं. दुकानामागं घर, आणि त्या घरात भागम्माचा शब्द म्हणजे निजामाचं फर्मान. तेराशे पन्नास फसली सालातला हिवाळा होता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही शिवम्माची कूस उजवली नव्हती. संक्रांतीपर्यंत काही झालं नाही तर लिंगराजसाठी दुसरी बघायची, हे भागम्मा सुनेच्या देखत, भाजी निवडता निवडता सांगायची.

त्याच भागम्मानं एका सकाळी सुनेच्या डोक्याला स्वतः तेल लावलं.

"चुलीबिगर काय बघितलंस गं तू? जा दोघं चारठाण्याला. जुनं शहर हाय, लय बघण्यासारखं हाय. पहिल्या दिशी तो उंच खांब बघा, देवळं बघा. दुपारचं फिरू नका, दगड तापतेत. दुसऱ्या दिशी सकाळी बारव. बारवेत बायांनीच उतरायचं, लिंगराजला वर बसीव. मुक्काम माझ्या वळखीच्या कस्तुराबाईकडं करा. ती सांगंल तसं कर."

एवढं बोलून तिनं सुनेच्या पोटावरून हात फिरवला. शिवम्माला रडूच फुटलं.

देवगाव फाट्यावर बैल सोडून दोघांनी भाकरी खाल्ली. भरदिवसा नवरा शेजारी बसून जेवतोय, हे तिला नवीन होतं. चारठाण्यात लिंगराजनं तिला खांब दाखवला, देवळांच्या भिंतींवरचे झिजलेले हत्ती दाखवले, आणि एकदा तर कोणी बघत नाही असं पाहून तिचा हात धरला. तिला वाटलं, आपल्या वाट्याचं सुख उशिरा का होईना आलं.

कस्तुराबाईचं घर पडक्या देवळाच्या दगडांचं होतं. उंबऱ्याच्या दगडावर कोणा नर्तकीची फक्त पावलं उरली होती. बाई अबोल. तिची भाची कडूबाई शिवम्माच्याच वयाची, आणि चेहरा असा की नजर वळवली की विसरावा. पण चुलीपुढं ती शिवम्माला विचारत बसली.

"तुमच्या घरी चूल कोन्या भितीला हाय, ताई?"

शिवम्मानं सांगितलं.

"मालक जेवताना आदी काय उचलतेत? सासूनं हाक मारली की तुमी काय म्हनता?"

तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ती सांगत सुटली. चिंचेची बरणी कुठं ठेवते, लिंगराज झोपेत काय पुटपुटतो, लहानपणी राणीसावरगावात कुठल्या झाडावरून पडली, सगळं. कडूबाई भाकरी थापत होती आणि प्रत्येक उत्तर ओठातल्या ओठात पुन्हा म्हणत होती. शिवम्माला वाटलं, किती जीव लावून ऐकते बिचारी.

जेवताना लिंगराज म्हणाला, "शिवम्मा, पाणी." तांब्या कडूबाईनं पुढं केला. त्यानं वर न बघताच घेतला. शिवम्मा हसली, आणि आपण उचललेला तांब्या खाली ठेवला.

सकाळी कडूबाईनं अंबाडा तिच्यासारखाच डाव्या बाजूला घातला होता. हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता, अगदी शिवम्माच्या हनुवटीवर होता तसा. काल चुलीच्या उजेडात दिसला नसेल, असं शिवम्मानं स्वतःला समजावलं.

बारवेच्या पायऱ्या उतरत गेल्या तसा गारवा वाढला. कोनाडे रिकामे होते. पाणी हिरवं, हलत नव्हतं. वर कडेला लिंगराज गाडीवानाशी बोलत होता, पण त्याचा आवाज खाली येत नव्हता.

"ह्या पान्यानं कूस उजवती," कस्तुराबाई म्हणाली. "लुगडं काढून ठीव. अंगावर काई न्हाई पायजे. गळ्यातलं बी."

शिवम्माचा हात गळ्याकडं गेला. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. जन्मल्या दिवशी गळ्यात बांधलेलं, पूजेपुरतं तळहातावर घ्यायचं, बाकी मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही.

"लिंग कसं काढू?"

"मंग नको काडू. संक्रांत कदी हाय?"

शिवम्मानं डोळे मिटले. डबी गळ्यातून काढली आणि कडूबाईच्या हातात दिली. कडूबाईचा तळवा गरम होता, ताप आलेल्या माणसाचा असतो तसा.

तिनं बुडी मारली.

वर आली तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. तिचं इरकल लुगडंही नव्हतं. कडूबाईचं जाडंभरडं नेसूचं तेवढं पडलं होतं. ते कसंबसं गुंडाळून ती धापा टाकत वर आली.

गाडी जुंपलेली होती. आत इरकल नेसलेली, गळ्यात चांदीची डबी घातलेली बाई बसली होती आणि लिंगराज तिच्या पाठीशी गोधडी लावत होता.

"अवो," शिवम्मा म्हणाली.

त्यानं पाहिलं. परक्या बाईकडं बघावं तसं, नजर लगेच खाली घालून. "कस्तुराबाई, तुमच्या भाचीनं लय केलं आमचं."

शिवम्मानं गाडीचं चाक धरलं. तो झोपेत काय पुटपुटतो ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. लिंगराजचा चेहरा पांढरा पडला.

"मीच सांगितलं तिला काल," गाडीतली बाई शिवम्माच्या आवाजात म्हणाली. "बाधा झाली असंल बिचारीला. चला, आत्याबाई वाट बघत असतील."

लिंगराजनं शिवम्माची बोटं चाकावरून एकेक करून सोडवली. हळुवार सोडवली, हेच तिला सगळ्यात लागलं.

ती पायी सेलूला गेली. दारात भागम्मा उभी होती. तिनं सुनेकडं डोळे भरून पाहिलं, पुरतं ओळखलं, आणि म्हणाली, "घर चुकलीस, बाई." मग पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवून दार लावून घेतलं. माहेरी, राणीसावरगावात, भाऊ म्हणाला, आमची बहीण सेलूला सुखात हाय. शेवटी ती कस्तुराबाईकडं परतली. लिंगाविना गळा मोकळा असलेल्या बाईला दुसरं कोण ठेवून घेणार?

पुढच्या हिवाळ्यात भाकरी थापताना तिची चोळी ओली झाली. तिनं बोट लावून पाहिलं. दूध होतं.

"सेलूला लेकरू झालं असंल," कस्तुराबाई म्हणाली आणि तिनं फडकं फेकलं. "तिला न्हाई फुटायचं. तुलाच फुटंल."

लेकरू भुकेलं की शिवम्माचं दूध वाहायचं. पहाटे, मग उन्हं वर आल्यावर, मग दिवेलागणीला. हळूहळू तिला त्याच्या वेळा पाठ झाल्या. त्या वेळी ती आडोशाला जाऊन बसायची, मांडी हलवायची, त्याला नावानं हाक मारायची. नाव तिनंच ठेवलं होतं, गुरुसिद्धप्पा. सेलूला त्याला वरचं दूध पाजत होते आणि ते त्याला सोसत नव्हतं, असं बाजाराहून आलेल्या एकीनं सांगितलं. शिवम्मा तिकडं धावत गेली, दाराला ऊर लावून विनवत राहिली. भागम्मानं आतून कडी घातली.

फाल्गुनात एका सकाळी ती आडोशाला जाऊन बसली. पहाट गेली, उन्हं वर आली. दिवेलागण झाली. कस्तुराबाईनं विचारलं तेव्हा तिनं चोळीला हात लावून दाखवला. चोळी कोरडी होती.