सिलेक्टरचा नवा नॉब

मोबाईल खाली ठेव, ऋषिराज. आईक. माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलेलं सांगतोय, आप्पासोच्या. सांगलीत हळद पॉलिश करायच्या कारखान्यात पॅनलवर, म्हंजे मशीन चालू-बंद करायच्या बोर्डावर असतोय त्यो.

गेल्या धुळवडीची रात. कामगार सुट्टीवर. आप्पासो एकटाच गेला, सिलेक्टरचा नॉब बदलायला. जुना तडकला व्हता म्हणायचा. पण खरं कारण निराळं. त्यो नॉब नाथाजीनं बसवलेला. नाथाजी म्हंजे आदला ऑपरेटर, अटॅकनं गेला. तरी मालक, धन्यकुमारअण्णा, उठता-बसता म्हणायचे, "नाथाजीचं पॅनल हाय, जपून." आप्पासोच्या पोटात दुखायचं. मेलेल्या माणसावर जळत व्हता गड्या, लय जळत व्हता.

आता सिलेक्टर कसा असतोय बघ. अलीकडं हँड, म्हंजे हातानं चालवायचं, मधी ऑफ, पलीकडं ऑटो. नॉब फिरवला की आतला दांडा फिरतो, दांड्यावरचे कॅम, म्हंजे उंचवटे, करंटचे कॉन्टॅक्ट जोडत्यात न्हाईतर तोडत्यात. नॉबवरचा बाण नुसता दाखवायला. खरं काय ते दांड्याला ठावं.

आप्पासोनं जुना नॉब रागानं हिसकून काढला. त्या हिसक्यात दांडा ऑटोवर सरकला. ह्याच्या ध्यानात न्हाई. नवा नॉब, बाण ऑफवर धरून, आवळून टाकला. मग हळद घोळवायच्या मोठ्या ड्रममधी उतरला, चिकटलेली हळद खरवडायला. नाथाजी मेन स्विच पाडल्याबिगर कदी उतरायचा न्हाई. म्हणून ह्यानं मुद्दाम पाडला न्हाई.

ऑटोवर टायमरची वेळ भरली की ड्रम आपोआप फिरतो.

बाहेर मोटारीला करंट देणारा कॉन्टॅक्टर बसला. खटकन.

ड्रम हलला. आप्पासो आडवा. वरडला. ऐकायला कोण हाय...

मग पॅनलकडनं आवाज. टक्.

ड्रम थांबला.

"कोण हाय?"

"कोण हाय रं तितं?"

बाहेर आला. शटरला आतनं कडी. माणूस न्हाई. नॉबचा बाण हँडवर. म्हंजे आतला दांडा बराबर ऑफवर. नॉब एक घर सरकून बसलाय हे ज्याला कळलं, त्यानंच फिरवला.

सकाळी मी गेलो तवा आप्पासो पायरीवर बसलेला. म्हणाला, "जीव वाचला, दादा. पर त्यानं वाचवला, ह्येच सोसवंना."

त्यो नवाकोरा नॉब मी सोता बघितलाय. एका रातीत त्याच्यावर अंगठ्याचा खळगा पडलाय, वरसानुवरसं फिरवल्यागत गुळगुळीत. आप्पासोनं आपला अंगठा लावून बघितला. बसला न्हाई.

डाव्या अंगठ्याचा खळगा हाय त्यो. आन कारखान्यात आता डावखुरा कुणीच न्हाई.