आतली कडी

केबिन रोडवर शटरवाला लवू कुठे बसतो, असं विचारलं की कुणीही दुकान दाखवायचं. मूळचा रत्नागिरीकडचा, पण बारा वर्षं भाईंदरात काढलेली. नव्या बिल्डिंगींच्या गाळ्यांना शटरं बसवून बसवून त्याच्या हातांना लोखंडाचा वास कायमचा चिकटला होता. त्र्याण्णव सालच्या एप्रिलात एका सकाळी त्याच्या दुकानात एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडी नेसलेल्या. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या माणसाचा असतो तसा स्वच्छ, तोलून बोलणारा आवाज. मनोरमा टिपणीस त्यांचं नाव. खारी गावाच्या कडेला त्यांचा बैठा बंगला होता आणि गॅरेजचं शटर बदलून हवं होतं.

काम साधं होतं. मापं घ्यायला लवू दुपारी गेला.

गिरगावातली जागा सोडून नवरा-बायकोनं हौसेनं बांधलेलं ते घर. गॅरेज घराला खेटून होतं, पण घरातून आत जायला दार नव्हतं. खिडकीही नव्हती. तीन भिंती आणि समोर शटर. मिठागरावरच्या वाऱ्यानं शटरच्या खालच्या पट्ट्या गंजून लाल झाल्या होत्या. बाईंनी कुलूप काढून दिलं आणि त्या चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या. लवूनं जोर लावून शटर वर ढकललं. आतून कोंदट हवेचा एक लोट अंगावर आला. रबराचा वास, ऑइलचा वास, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी, आंबूस, जुना. आत राखाडी रंगाची फियाट धूळ खात उभी होती.

"लाकडी दारं घेऊ नका," लवू म्हणाला. "इथल्या हवेत फुगतात, मग बसत नाहीत. जाड पत्र्याचं शटरच घ्या. नवी स्प्रिंग टाकतो, एका हातानं वर जाईल. वरचा हातभर भाग जाळीचा ठेवला तर वारापण खेळेल."

"जाळी हवीच. आवाज बाहेर आला पाहिजे," बाई म्हणाल्या. "आणि बाहेरून कोयंडा नको. कुलूप लागताच कामा नये. कडी फक्त आतून."

लवू हसला. "बाई, मग लावणार कोण? बाहेर आलेल्या माणसाचा हात आत कसा पोचणार?"

"तुम्ही बसवून द्या फक्त."

गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, म्हणून लवूनं टेप काढला. रुंदी घेऊन झाली. उंची घेत होता, तेवढ्यात आवाज आला. धप्... धप्... पत्र्यावर उघडा तळवा मारल्यासारखा.

"बाजूला काम चालू आहे वाटतं."

"ते कधीच संपलं," बाई म्हणाल्या.

लवूनं शेजारच्या बिल्डिंगकडे पाहिलं. गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत होते. दुपार सुस्त पडली होती. आवाज तिकडून येतच नव्हता. तो येत होता त्याच्या डोक्यावरून, गुंडाळून वर गेलेल्या शटरातून.

लवू बाहेर आला. बाईंनी पाणी दिलं आणि पायरीवर बसून त्या बोलायला लागल्या. वर्गात धडा सांगावा तशा, आवाज न चढवता.

"दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, मी पाच दिवसांसाठी बहिणीकडे पेणला निघाले होते. हे बाजारात गेलेत असं मला वाटलं. गॅरेज उघडं टाकायची ह्यांची सवय. त्यावरून रोज भांडणं. त्या दिवशीही झालं होतं. मी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि रिक्षात बसले. हे आत होते. गाडीखाली काहीतरी बघत होते."

"हाक नाही मारली त्यांनी?"

"शेजारच्या बिल्डिंगच्या पायाचं पायलिंग चालू होतं. दिवसभर धाड धाड. पलीकडच्या हंसाबेनला आवाज आला, पण तिला वाटलं कामाचाच. मलाही ऐकू आला होता. रिक्षा वळताना... मलाही कामाचाच वाटला." मग अगदी हळू, "असं मी सगळ्यांना सांगते."

लवूनं उरलेलं माप बाहेरूनच घेतलं.

आठवड्यानं तो नवं शटर घेऊन आला. जुनं उतरवून अंगणात आडवं पसरलं, तेव्हा त्याची आतली बाजू पहिल्यांदा उन्हात आली. छातीच्या उंचीला पत्र्याला पोचे पडले होते. मग कमरेच्या उंचीला. मग गुडघ्याच्या. आणि सगळ्यात खाली, जमिनीपासून वीतभर वर, दोन-तीन अगदी उथळ पोचे होते. लवूनं ती बाजू पालथी घातली.

दुपारी तीनला काम झालं. वर जाळी, खाली जाड पत्रा, आत डाव्या हाताला लोखंडी सरकती कडी, तेल घालून मऊ केलेली. लवूनं शटर खाली ओढलं. ते जमिनीला टेकलं.

"झालं, बाई. कडीचं तेवढं..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

क्षणभर काहीच नाही. मग पत्र्याच्या पलीकडे, सावकाश, सर्र... आणि खट्.

लवूनं वाकून शटर वर उचलून पाहिलं. हललं नाही. पुन्हा जोर लावला. नाहीच. बाई पुढे आल्या आणि त्यांनी पत्र्यावर हात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता तुमच्या हातात आहे..."

लवूनं हत्यारं पिशवीत कोंबली. मागे न बघता तो रस्त्याला लागला.

त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी हंसाबेन स्वतः केबिन रोडवर आली. तिच्यासोबत एक हवालदार होता.

"टिपणीसबेन दो दिन से दिखती नहीं," ती म्हणाली. "रोज शटर के सामने खुर्ची डालके बैठती थी. बातें करती थी. अभी खुर्ची खाली है. घर का दरवाजा खुला, दूध बाहर पडेला है. शटर अंदर से बंद है, भाई."

"बाई आत आहेत?"

"एक बार भी आवाज नहीं दिया... इस बार मैं ध्यान रखके बैठी थी."

कटर घेऊन लवू त्यांच्याबरोबर बंगल्यावर गेला. त्यानं शटरच्या खालच्या पट्ट्या कापल्या आणि तो सरपटत आत शिरला. डाव्या हाताला चाचपडून त्यानं कडी धरली. एका बोटानं सरकली, कसलाही अडसर नव्हता. शटर वर गेलं आणि ऊन गाडीवर पडलं. पत्र्याला आतून साधा ओरखडाही नव्हता.

मनोरमाबाई गाडीत डाव्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पदर नीट खोचलेला. चारही काचा वर. मान थोडी उजवीकडे कललेली, शेजारी कुणी बोलत असावं आणि आपण ऐकत असावं तशी. दोन दिवस तरी झाले असतील, हवालदार म्हणाला. हंसाबेन बाहेरच भिंतीला टेकून खाली बसली.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. हवालदार त्या बाजूनं गेला आणि त्यानं दाराला हात घातला.

"थांबा," लवूनं त्याचं मनगट पकडलं. "काच... काच बघा."

एप्रिलची भर दुपार. पत्रा हात भाजेल इतका तापलेला. आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, आतून, तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक पांढुरका ठिपका उमटत होता.

विरत होता.

पुन्हा उमटत होता.