नलिनीबाईंची बरणी

गंधालीला दुसऱ्याच्या पिशवीत डोकावायची खोड होती. घरचे रागवायचे, तीही चारचौघांत जपायची. पण मे महिन्यातली सकाळ, मुलुंडचा बाजार आणि कैऱ्या फोडून घ्यायला लागलेली रांग… अशा वेळी डोळे काय ऐकतात! पुढच्या माणसाच्या पिशवीत तिने वाकून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"हसायला काय झालं?" तो मागे वळला. उंच, घामाघूम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला.

"काही नाही… लोणचं घालणार आहात का या कैऱ्यांचं?"

"आई घालणार आहे. मी फक्त हमाल."

"मग आईंना सांगा, आमरस करा. पाड लागलाय सगळ्यांना."

त्याने विश्वास ठेवला नाही. कैऱ्या फोडणाऱ्याने मोठ्या अडकित्त्याखाली पहिलीच कैरी धरली, खट्कन दोन भाग केले, आणि आतून ती चांगली पिवळीधमक निघाली. त्या माणसाचा चेहरा असा पडला की गंधालीला आपल्या हसण्याची लाज वाटली. आईने आंबट बघून आण म्हणून बजावलं होतं, तो सांगू लागला. त्याने भाजीवाल्याला विचारलंही होतं, आंबट आहेत ना, आणि तो हो म्हणाला होता.

"तो नाही म्हणणार होता का?"

"तुम्ही म्हणाला असतात."

"मी कुठे विकायला बसलेय?"

शेवटी रांग सोडून ती त्याच्याबरोबर पुन्हा भाजीवाल्याकडे गेली. देठाशी चीक हवा, दाबली तर दबता कामा नये, आणि सालीवर डाग असलेली हातातही धरायची नाही, असं सगळं तिने त्याला शिकवलं. तो मुकाट्याने एकेक कैरी तिच्यापुढे धरत होता आणि तिच्या मानेच्या होकाराची वाट बघत होता.

"माणसंही अशीच पारखून घेता का?" त्याने विचारलं.

"माणसं दाबून बघता येत नाहीत ना… म्हणून तर पंचाईत."

निघताना त्याने नंबर मागितला. लोणचं कसं झालं ते कळवायला हवं ना, म्हणाला. बहाणा इतका उघडा होता की गंधालीला नाही म्हणवेना.

त्याचं नाव शौनक. राहायचा मुलुंड पूर्वेला, एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, आईवडिलांबरोबर. नोकरी ठाण्याच्या एका विमा कंपनीत. गंधाली पश्चिमेची, फिजिओथेरपिस्ट, स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात. लोणच्याची खबर रोज यायला लागली. आज फोडींना हळद-मीठ लावलं. आज मोहरी फेसली, सगळं घर शिंकतंय. आज मेथी तळताना आईने मला स्वयंपाकघरातून हाकललं… मग लोणचं राहिलं बाजूला. पूल ओलांडून तो संध्याकाळी तिच्या दवाखान्याखाली उभा राहू लागला आणि दोघं पाच रस्ता नाक्यापर्यंत रमतगमत जाऊ लागली. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तो तिचं बोलणं ऐकायचा. हे सांगायला सोपं वाटतं, पण ऐकणारा पुरुष गंधालीला पहिल्यांदाच भेटला होता. दिवसभर दुसऱ्यांचे आखडलेले खांदे सोडवून ती दमायची, आणि तो तिची पर्स आपल्या खांद्याला अडकवून, लोक बघताहेत याची पर्वा न करता शेजारी चालायचा. एकदा म्हणाला, "तू गप्प असलीस ना, की मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं." ती म्हणाली, "मग चुकत जा ना थोडं… मला गप्प बसायला मिळेल." आणि मग बराच वेळ ती खरंच गप्प राहिली, कारण त्याने तिचा हात धरला होता.

श्रावणात त्याने तिला घरी जेवायला नेलं. नलिनीबाईंनी दारातच तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, पण प्रेमाने. बाई एकदम मोकळी. पुऱ्या लाटता लाटता तिची नोकरी, आईवडील, आवडीनिवडी सगळं विचारून घेतलं. शौनकचे वडील श्यामसुंदर पेपराआडून अधूनमधून हसत होते. त्या दिवशी गंधालीचं पोट दुखत होतं, पाळीचा दुसरा दिवस. गोळी घेऊन आली होती आणि विसरूनही गेली होती. तिच्या घरी असल्या गोष्टी कुणी मोजत नसे.

"गंधाली, माझे हात कणकेत आहेत गं. फळीवरची मोठी बरणी काढ आणि या छोट्या सटात लोणचं भर."

पांढरीशुभ्र चिनी मातीची बरणी, तोंडाला स्वच्छ दादरा बांधलेला. गंधालीने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. पळी कोरडी आहे ना ते पाहिलं, लोणचं काढलं, कडा फडक्याने टिपली आणि कापड होतं तसं घट्ट बांधून ठेवलं. नलिनीबाई लाटणं थांबवून बघत होत्या.

"हात चांगलाय हो तुझा," त्या म्हणाल्या, आणि शौनककडे पाहून हसल्या.

गंधालीला त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ती तापाने आडवी झाली. तोंडाला चव नाही, काही खावंसं वाटत नाही, असं तिने फोनवर सहज म्हटलं, तर तासाभरात शौनक भर पावसात इमारतीखाली हजर. शर्ट ओला, चष्म्यावर पाणी, आणि हातात रुमालात गुंडाळलेली एक छोटी डबी. आईची नजर चुकवून आणलंय, म्हणाला. मऊ भाताबरोबर तिने ते लोणचं चाटून पुसून खाल्लं. तिची आई, जयंतीबाई, डबी घासताना म्हणाली की मुलगा वेडा आहे. गंधाली पांघरुणात तोंड लपवून हसली, आणि लग्न करायचं तर याच्याशीच, हे तिचं तिथेच ठरलं.

लग्नासाठी दोन्ही घरच्यांनी कधी भेटायचं ते बोलायला म्हणून भाद्रपदाच्या तोंडावर ती पुन्हा नलिनीबाईंकडे गेली. दार उघडलं ते श्यामसुंदरांनी, आणि ते हसले नाहीत.

जेवणाच्या टेबलावर ती मोठी बरणी उघडी ठेवली होती. तेलावर पांढरी बुरशी धरली होती, कडेला हिरवट. वास घरभर.

"बस," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. वर्षाचं लोणचं होतं ते. नात्यातल्या निम्म्या घरांना जायचं. इतक्या वर्षांत आपली बरणी कधी बिघडली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"विचारू नये, पण विचारते. तू बरणीला हात लावलास त्या दिवशी… तुला अडचण नव्हती ना?"

गंधालीने शौनककडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, नाही म्हण. दोन अक्षरं. म्हटलं असतं तर चहा झाला असता, तारीख ठरली असती.

"होती, काकू," ती म्हणाली.

श्यामसुंदर पेपर घेऊन उठले आणि आत गेले.

"पण माझे हात कोरडे होते. पळी कोरडी होती. तुम्ही बघत होतात ना?"

"बघत होते गं. म्हणून तर दुसरं कारण सापडेना." नलिनीबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुला दोष देत नाही मी. तुमच्याकडे पाळत नसतील. आमच्याकडे पाळतात. झालं ते झालं… यापुढे पाळेन एवढं म्हण, मला पुरे."

शौनक टेबलावरचा न दिसणारा डाग बोटाने पुसत होता. गंधालीला वाटलं, आता बोलेल. आई, काय बोलतेस, एवढं तरी म्हणेल. ती थांबली. बरीच थांबली. मग विचार करून सांगते असं म्हणून उठली.

तो तिच्याबरोबर जिना उतरला. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यामुळे नाही झालेलं ते."

"मला माहीत आहे."

"नाही, म्हणजे… मला पक्कं माहीत आहे. तुला ताप होता ना, तेव्हा मी मोठ्या बरणीतून काढलं. सटातून घेतलं असतं तर आईच्या लक्षात आलं असतं. घाईत धुतलेल्या भांड्यांतला चमचा घातला. ओलाच होता यार…" तो ओशाळून हसला.

गंधालीच्या छातीवरचा दगड उतरला. तीही हसली चक्क. "वेडा आहेस. चल वर, सांगू."

"आत्ता?"

"मग कधी?"

"आत्ता सांगितलं तर तिला वाटेल, तुला वाचवायला खोटं बोलतोय. आणि… तसंही तुला अडचण होतीच ना. तू नाही म्हणाली असतीस तर काही झालंच नसतं." त्याला काय बोललो ते कळलं असावं, कारण तो घाईने पुढे म्हणाला, "तू फक्त हो म्हण गं. पाळेन म्हण. पुढे वेगळं घर घेऊ, तिथे कोण बघायला येतंय?"

गंधालीने हात सोडवून घेतला.

"तू वर जा, शौनक. एवढंच सांग की चमचा तुझा होता. मी खाली थांबते."

तो गेला. ती फाटकाशी उभी राहिली. बारीक पाऊस सुरू झाला होता आणि तिला ओढ लागली होती, वेड्यासारखी, की तो सांगेल. वरून आरडाओरडा ऐकू यावा, भांडं आपटल्याचा आवाज यावा, काहीही यावं. ती त्याच्यावर इतकं प्रेम करत होती की एवढ्यावरही तिचं भागणार होतं.

तो खाली आला. हातात छत्री होती.

"सांगितलंस?"

"भिजशील म्हणून छत्री आणली… आई बरणी घासतेय गं. रडतेय. कसं सांगू? दोन दिवस जाऊ दे ना."

तिने छत्री घेतली नाही. तो ती उघडून तिच्या डोक्यावर धरू लागला, तर ती बाजूला सरकली.

"एवढ्याशा गोष्टीवरून, गंधाली?"

"एवढीशीच होती रे. तेवढीही तुला सांगता आली नाही."

रडू येत होतं आणि त्याच्यासमोर यायला नको होतं. ती वळली आणि चालू लागली. पण मुद्दाम हळू. त्याने एक हाक मारली असती तर ती थांबली असती; खोटं कशाला बोला, ती परत फिरली असती. नाका आला तरी तिचे कान मागेच होते.

हाक आली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, नलिनीबाईंची. "शौनक… भिजू नकोस रे, वर ये."

आणि पाठोपाठ त्याचा आवाज, चांगला मोठा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आलो, आई."

मग मात्र गंधाली भराभर चालायला लागली.